कर्नल अद्ययावत करूनही ‘डर्टी काऊ’ परत का येते: अभ्यासिकेतील संगणकांसाठी समस्या निवारण

समस्या अशी आहे. गावातील अभ्यासिकेत किंवा शाळेच्या संगणक कक्षात उबुंटूवर चालणारे काही जुने संगणक असतात. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याच्या, मेमरी मॅपिंगमधील ‘डर्टी काऊ’ ही त्रुटी घालवण्यासाठी त्यांवर अद्यतन केले जाते, अद्यतन पूर्ण झाल्याचा संदेशही पडद्यावर येतो, आणि महिना-दोन महिन्यांनी कोणी तपासले तर त्यांतील दोन-तीन संगणक पुन्हा त्याच जुन्या, असुरक्षित कर्नलवर चाललेले आढळतात. यवतमाळ आणि वाशीमकडच्या खेड्यांत असे संगणक सांभाळणाऱ्यांकडून माझ्याकडे हीच तक्रार वारंवार येते आणि बहुतेकांनी तिचा दोष ‘पॅच कच्चा आहे’ यावर ढकललेला असतो. पॅचचा दोष फारच क्वचित असतो. दुरुस्त कर्नल डिस्कवर असूनही संगणक ते वापरत नाही, हे बहुतेक वेळा खरे कारण असते आणि ते का वापरत नाही याची कारणे आपल्याकडच्या वीज, इंटरनेट आणि दुरुस्तीच्या पद्धतीत दडलेली असतात.

आधी ही त्रुटी एवढी मनावर का घ्यायची ते स्पष्ट करतो. डर्टी काऊ, म्हणजे त्रुटींच्या सार्वजनिक नोंदीतील सीव्हीई-२०१६-५१९५, ही स्थानिक त्रुटी आहे; म्हणजे ज्याला त्या संगणकावर साध्या वापरकर्त्याचे खाते मिळाले आहे, त्याला तिच्या आधारे थेट रूटचे, म्हणजे संपूर्ण नियंत्रणाचे, अधिकार मिळवता येतात. घरी एकट्याने वापरायच्या संगणकावर हा धोका मर्यादित राहतो. अभ्यासिकेत मात्र तलाठी भरती, पोलीस भरती, एमपीएससी अशा परीक्षांचे अर्ज भरायला दिवसभरात अनेक मुले-मुली एकाच संगणकावर बसतात, तेथेच आधार कार्ड आणि जातीच्या दाखल्याच्या स्कॅन प्रती उघडतात, ईमेलचा पासवर्ड टाकतात, आणि कोणाच्या पेन ड्राइव्हमधून काय आले याचा हिशोब कोणीच ठेवत नाही. अशा सामायिक संगणकावर एकाला रूट मिळाले, तर त्यानंतर बसणाऱ्या प्रत्येकाचे टंकलेखन त्याच्या हाती गेले असे समजावे.

त्रुटीचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय पुढची तपासणी यांत्रिक होते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. एखादा प्रोग्रॅम ‘एममॅप’ या सिस्टिम कॉलने फाइल आपल्या मेमरीत जोडून घेतो, तेव्हा त्याने ‘खासगी’ मॅपिंग मागितले असले तरी कर्नल त्याला लगेच स्वतंत्र प्रत देत नाही. तो नुसता वाचतो आहे तोवर पेज कॅशेमधील, म्हणजे डिस्कवरील फाइल मेमरीत ठेवलेल्या जागेतील, मूळ पानच त्याला दाखवले जाते, आणि त्याने लिहायचा प्रयत्न केला की त्या पानाची वेगळी प्रत काढून दिली जाते. या पद्धतीला कॉपी-ऑन-राइट म्हणतात आणि त्रुटीच्या नावातील ‘काऊ’ तेथूनच आले आहे. सातबाऱ्याची नक्कल घेणाऱ्याने आपल्या नकलेवर काय वाटेल ते खरडावे, तलाठ्याच्या दप्तरातील नोंद जशीच्या तशी राहते, तसा हा व्यवहार आहे. डर्टी काऊमध्ये घडते ते असे की नक्कल दिल्याची खूण झाल्यावर अर्जदार ती नक्कल तिथल्या तिथे फाडून टाकतो, आणि ‘याला दिलेली आहे’ एवढी खूण पाहून पुढच्या खेपेस त्याच्या हाती मूळ दप्तरच दिले जाते.

कर्नलच्या भाषेत सांगायचे तर, ‘/प्रॉक/सेल्फ/मेम’ या मार्गाने लिहिताना ‘गेट यूजर पेजेस’ हे फंक्शन योग्य पान मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. पहिल्या प्रयत्नात खासगी प्रत तयार होते. आता लेखनाची वेगळी तपासणी नको असे मानून जुने कर्नल ‘फोल राइट’ हा फ्लॅग, म्हणजे ‘लिहायचे आहे’ ही खूण, या टप्प्यावर काढून टाकत असे. नेमक्या या फटीत दुसऱ्या थ्रेडने, म्हणजे त्याच प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या शाखेने, ‘एमॲडव्हाइज’ या सिस्टिम कॉलला ‘डोन्टनीड’ (हे पान आता नको) सांगून ती खासगी प्रत टाकून दिली, तर पुढच्या प्रयत्नात फ्लॅग नसल्यामुळे कर्नलला ही केवळ वाचनाची मागणी वाटते, ते पेज कॅशेमधील मूळ पान काढून देते आणि लेखन त्या मूळ पानावर होते. पान ‘डर्टी’ म्हणून नोंदले गेल्यामुळे बदल कालांतराने डिस्कवरही उतरतो. अशा रीतीने ज्या फाइलवर वापरकर्त्याला फक्त वाचनाचा हक्क आहे ती, म्हणजे ‘/ईटीसी/पासडब्ल्यूडी’ किंवा रूटच्या अधिकाराने चालणारी एखादी सेटयूआयडी फाइल, त्याला बदलता येते. दोन थ्रेडची ही शर्यत आक्रमकाने लाखो वेळा लावली तरी यंत्रणेच्या लॉगमध्ये साधी एक ओळही उमटत नाही.

ही त्रुटी कर्नलमध्येही एकदा दुरुस्त होऊन संपली असे झालेले नाही, हे येथे सांगणे आवश्यक आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१६ च्या दुरुस्तीसोबत लिहिलेल्या टिपणात, आपण अकरा वर्षांपूर्वी हा दोष काढायचा प्रयत्न केला होता, तो नीट साधला नव्हता आणि आयबीएमच्या एस-३९० संगणकांवर अडचण आल्यामुळे तो नंतर मागे घेतला गेला, असे स्वतःच नमूद केले आहे. २००७ च्या २.६.२२ पासूनची कर्नले या त्रुटीच्या कक्षेत येतात. फिल ऑस्टर या तज्ज्ञांनी ती आक्रमणासाठी प्रत्यक्ष वापरली जात असताना पकडली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ४.८.३, ४.७.९ आणि ४.४.२६ या आवृत्त्यांत ती बंद झाली. त्या दुरुस्तीत ‘फोल राइट’ फ्लॅग कायम ठेवून ‘फोल काऊ’ हा नवा फ्लॅग आणला गेला आणि पानाची नोंद ‘डर्टी’ असेल तरच ‘प्रत निघाली आहे’ असे मानले जाऊ लागले. हा आधार पुढे दोनदा डळमळला. मोठ्या, म्हणजे ट्रान्सपरंट ह्यूज पेजच्या बाबतीत प्रत न काढताही नोंद ‘डर्टी’ होऊ शकते हे २०१७ मध्ये दिसले आणि सीव्हीई-२०१७-१०००४०५ नोंदली गेली. पुढे ५.१६ कर्नलमध्ये शेअर्ड मेमरी आणि यूजरफॉल्टएफडी या कर्नल सुविधेच्या वाटेने तेच घडू लागले, ती सीव्हीई-२०२२-२५९०. त्यानंतर कर्नल विकासक डेव्हिड हिल्डेनब्रँड यांच्या दुरुस्तीने ‘फोल काऊ’ फ्लॅगच काढून टाकला आणि पान खरोखर त्या प्रोसेसचे एकटीचे आहे काय, हे थेट तपासण्याची पद्धत आली. माझ्या मते हीच योग्य दुरुस्ती होती, कारण आधीच्या दोन्ही वेळी कर्नल मूळ प्रश्न विचारण्याऐवजी एका अप्रत्यक्ष खुणेवर विसंबून होते.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. कमांड येथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत द्यायच्या.

पहिली कमांड ‘यूनेम -आर’. ती आत्ता मेमरीत चालू असलेले कर्नल सांगते, डिस्कवर बसवलेले नव्हे, आणि अर्धा घोळ या एका ओळीत उलगडतो. ‘डीपीकेजी -एल’ने बसवलेल्या कर्नलांची यादी काढावी आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वर दिलेले ४.४.२६ वगैरे आकडे मूळ कर्नलचे आहेत. वितरणे, म्हणजे उबुंटूसारख्या तयार प्रणाली, जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती आणून बसवतात, त्यामुळे नुसता पहिला आकडा लहान दिसला म्हणून कर्नल असुरक्षित ठरत नाही. उबुंटू १६.०४ साठी ही दुरुस्ती ४.४.०-४५ मध्ये आली आणि १४.०४ साठी ३.१३.०-१०० मध्ये, म्हणजे ३.१३ हे ४.४ पेक्षा कितीतरी जुने असूनही ३.१३.०-१०० या एका त्रुटीपुरते सुरक्षित आहे, आणि ४.४.०-२१ मात्र नाही. हा ४.४.०-२१ आकडा लक्षात ठेवावा, कारण एप्रिल २०१६ च्या मूळ १६.०४ प्रतीत तोच होता आणि पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

यादीत नवे कर्नल आहे आणि ‘यूनेम’ जुने दाखवते, अशी स्थिती असेल तर सर्वांत साधी शक्यता म्हणजे संगणक पुन्हा सुरूच केलेला नाही. इन्व्हर्टरवर चालणारे संगणक रात्री बंद करण्याऐवजी झोपवून ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, आणि झोपेतून उठलेला संगणक जुन्याच कर्नलवर उठतो. ‘/व्हार/रन/रिबूट-रिक्वायर्ड’ ही फाइल दिसली तर संगणक पुन्हा सुरू करावा आणि पुन्हा ‘यूनेम’ पाहावे.

पुन्हा सुरू करूनही जुनेच कर्नल येत असेल तर ग्रब, म्हणजे संगणक सुरू होताना कर्नल निवडणारा प्रोग्रॅम, तपासावा. माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा परतणारी समस्या हीच आहे आणि तिचे मूळ बहुधा वायफायच्या यूएसबी डोंगलमध्ये असते. स्वस्त डोंगलचा ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाही. कोणीतरी तो इंटरनेटवरून उतरवून त्या वेळच्या कर्नलसाठी हाताने बसवलेला असतो. नवे कर्नल आले की त्यासाठी ड्रायव्हर नसतो, वायफाय बंद पडते, अर्ज भरायची शेवटची तारीख जवळ असते, आणि तालुक्याहून बोलावलेला दुरुस्तीवाला मुलगा सर्वांत सोपा मार्ग काढतो. एका अभ्यासिकेत तर कॅबिनेटवर चिकटपट्टीने कागद लावलेला होता: ‘चालू करताना खालची ओळ, मग तिसरी ओळ निवडा.’ ती तिसरी ओळ म्हणजे ४.४.०-२१. तेथील दुरुस्तीवाल्या मुलाला विचारल्यावर त्याचे उत्तर सरळ होते: “नवीन कर्नल टाकलं का वायफाय बंद पडते भाऊ, म्हनून जुनंच ठेवलं.” त्याला दोष देता येत नाही, त्याच्यासमोर दहा मुले अर्ज भरायला ताटकळत होती.

अशा वेळी आधी ग्रब बदलू नये. तसे केल्यास वायफाय जाईल आणि दोन दिवसांत कोणीतरी तो पुन्हा मागे फिरवील. प्रथम चालू कर्नलवर, इंटरनेट असतानाच, ‘डीकेएमएस’ आणि ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ ही पॅकेजे बसवावीत आणि ड्रायव्हर डीकेएमएसमध्ये नोंदवावा, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो आपोआप पुन्हा बांधला जाईल. ‘डीकेएमएस स्टेटस’ने नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ असे दिसल्यावर मगच ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ उघडावी, ‘ग्रब डिफॉल्ट’ शून्य करावा, ‘ग्रब सेव्हडिफॉल्ट’ची ओळ असल्यास काढावी आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवावे. ड्रायव्हर इतका जुना असेल की नव्या कर्नलवर बांधलाच जात नाही, तर त्यासाठी झगडत बसण्यापेक्षा ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे असा डोंगल घ्यावा, किंवा राउटरपासून साधी लॅन केबल ओढावी. केबल दिसायला ओबडधोबड दिसते, पण कर्नल बदलले तरी ती चालत राहते.

यादीत नवे कर्नलच नसेल, तर प्रश्न अद्यतन उतरण्याचा आहे आणि येथे आपल्याकडची एक खास अडचण भेटते. पुष्कळ अभ्यासिका सचिवांच्या किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या मोबाइल हॉटस्पॉटवर चालतात. अँड्रॉइड फोन हॉटस्पॉट देताना ‘हे जोडणे मोजून पैसे लागणारे आहे’ अशी खूण पाठवतो, नेटवर्क मॅनेजर ती ओळखतो, आणि १८.०४ व त्यापुढच्या उबुंटूमधील ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ अशा जोडणीवर अद्यतने वगळते. कोणतीही चूक दाखवली जात नाही, त्यामुळे ‘स्वयंचलित अद्यतन चालू आहे’ असे सगळे धरून चालतात आणि महिनोन्महिने काहीच उतरत नाही. ‘एनएमसीएलआय -एफ जनरल डिव्हाइस शो’मध्ये ‘मीटर्ड’पुढे ‘यस, गेस्ड’ असे दिसले तर हेच कारण आहे. तेथे ही अट सरसकट काढून टाकू नये, कारण दहा संगणकांनी एकाच वेळी अद्यतन ओढले तर त्या विद्यार्थ्याचा दिवसाचा डेटा सकाळीच संपेल. त्यापेक्षा एका संगणकावर ‘एपीटी-कॅशर-एनजी’ बसवावे आणि बाकीच्या संगणकांना त्याच्या ३१४२ या पोर्टचा प्रॉक्सी द्यावा. कर्नलची पॅकेजे एकदाच बाहेरून येतात आणि उरलेले संगणक ती अभ्यासिकेच्या आतूनच घेतात. नवे कर्नल ओढून आणणारे ‘लिनक्स-जेनेरिक’ हे मेटापॅकेज जागेवर आहे आणि ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’मध्ये कर्नल अडकवून ठेवलेले नाही, याचीही खात्री करावी.

वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेले अद्यतन हा निराळा प्रकार. उन्हाळ्यात दुपारी वीज जाते तेव्हा इन्व्हर्टर पंख्यांसाठी राखलेला असतो आणि संगणक तत्क्षणी बंद पडतात. अशा संगणकावर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि त्यानंतर ‘एपीटी -एफ इन्स्टॉल’ चालवले की बहुतेक वेळा काम होते. होत नसेल तर ‘डीएफ -एच /बूट’ पाहावे. स्थापनेच्या वेळी एलव्हीएम (डिस्कच्या लवचिक विभागणीची पद्धत) निवडलेल्या जुन्या संगणकांवर ‘/बूट’ हे वेगळे आणि लहान विभाजन असते, जुनी कर्नले साचून ते शंभर टक्के भरते, आणि नव्या कर्नलची, सुरू होताना लागणारी, इनिट-आरडी फाइल लिहिताना जागा संपते. ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ अशा स्थितीत अवलंबनांच्या तक्रारी करून थांबते, म्हणून सर्वांत जुने कर्नल ‘डीपीकेजी --पर्ज’ने हातानेच काढावे लागते, ४.४ मालिकेत त्याचे ‘इमेज-एक्स्ट्रा’ पॅकेज आधी आणि ‘इमेज’ नंतर. ‘यूनेम’ने दाखवलेले, म्हणजे चालू असलेले कर्नल चुकूनही काढू नये. कर्नलचे काम शक्यतो सकाळी, वीज स्थिर असताना करावे.

मेमरीतील ह्यूज पेजच्या २०१७ च्या त्रुटीसाठी नवे कर्नल उतरेपर्यंत तात्पुरता उपाय हवा असेल, तर ‘/सिस/कर्नल/एमएम/ट्रान्सपरंट_ह्यूजपेज/यूज_झीरो_पेज’मध्ये शून्य लिहिता येतो. मूळ डर्टी काऊवर मात्र असा निर्धोक तात्पुरता उपाय नाही. त्या काळी सिस्टिमटॅप या कर्नल-साधनाने ‘एमॲडव्हाइज’ अडवण्याचे उपाय सुचवले गेले होते, पण ते चालू प्रोग्रॅमनाही त्रास देत.

दुरुस्त कर्नल चालू झाल्यावर पुढे एक काम उरते आणि ते हमखास राहून जाते. कर्नल दुरुस्त झाल्याने पुढचे लेखन थांबते. आधी झालेले लेखन पुसले जात नाही. ‘/ईटीसी/पासडब्ल्यूडी’मध्ये यूआयडी शून्य, म्हणजे रूटचा क्रमांक, असलेली एकापेक्षा अधिक खाती आहेत काय ते पाहावे, आणि ‘डीपीकेजी --व्हेरिफाय’ किंवा ‘डेबसम्स’ने यंत्रणेच्या फाइली पडताळाव्यात. ‘/यूएसआर/बिन/पासडब्ल्यूडी’सारखी सेटयूआयडी फाइल बदललेली दिसली, तर तो संगणक दुरुस्त करत बसू नये, कागदपत्रे बाजूला काढून तो नव्याने स्थापित करावा. व्हीडीएसओच्या, म्हणजे कर्नल प्रत्येक प्रोग्रॅमला जोडून देते त्या सामायिक कोडच्या, पानात केवळ मेमरीत बदल करणारा एक प्रकारही दाखवला गेला आहे; तो डिस्कवर खूण ठेवत नाही आणि संगणक पुन्हा सुरू केला की नाहीसा होतो. म्हणून फाइली स्वच्छ निघाल्या तरी, बराच काळ असुरक्षित कर्नलवर चाललेल्या संगणकावर ज्यांनी पासवर्ड टाकले असतील, त्यांना ते बदलायला सांगावे.

त्रुटी खरोखर गेली की नाही हे पाहण्यासाठी इंटरनेटवर मिळणारी आक्रमणाची प्रोग्रॅम चालू संगणकावर चालवू नयेत; डिस्कवर लेखन परतत असताना त्यांपैकी काहींनी कर्नल कोसळते. लिनक्स टेस्ट प्रोजेक्टमध्ये ‘डर्टीकाऊ’, ह्यूज पेजसाठी ‘टीएचपी०४’ आणि २०२२ च्या प्रकारासाठी ‘डर्टीकाऊ_एसएचएमईएम’ अशा स्वतंत्र चाचण्या आहेत. त्याही व्हर्च्युअल मशीनमध्ये, तेच कर्नल बसवून चालवाव्यात.

आता राहिला तो पेन ड्राइव्ह. वरील सर्व करूनही महिन्याभरात ४.४.०-२१ परत आलेले दिसले, तर कोणीतरी संगणकाला ‘फॉरमॅट मारला’ आहे असे समजावे. संगणक मंद झाला की जुन्या १६.०४ च्या पेन ड्राइव्हवरून तो नव्याने स्थापित करायचा, ही पद्धत सर्वत्र रूढ आहे, आणि प्रत्येक वेळी एप्रिल २०१६ चे कर्नल आपोआप परत येते. १६.०४ चा नेहमीचा आधार एप्रिल २०२१ मध्ये संपला आहे, त्यामुळे तो पेन ड्राइव्ह पुसून त्यावर चालू आधार असलेली प्रत घालावी, म्हणजे पुढचा ‘फॉरमॅट’ निदान दुरुस्त कर्नलपासून सुरू होईल. ३२ बिटचे संगणक असतील तर डेबियन १२ बसवावे, त्याचे ६.१ कर्नल २०२२ च्या दुरुस्तीसह येते. डेबियन १३ पासून ३२ बिट संगणकांसाठी स्थापनेची प्रत आणि कर्नल मिळत नाही, म्हणून असे संगणक बदलण्यासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर हा मुद्दा अभ्यासिकेच्या बैठकीत आताच मांडलेला बरा.